वीररसाचे दोन काठ : अरुण खेत्रपाल यांचे परमवीरचक्र-प्रशस्तिपत्र आणि त्याची पुनर्कथने

प्रास्ताविक

युद्धातील शौर्य समाजापर्यंत पोहोचते ते कथनाच्या रूपाने. प्रत्यक्ष घटना काही तासांची असते, तिचे साक्षीदार मोजके असतात, आणि त्यांतील अनेक जण ती सांगण्यासाठी मागे उरत नाहीत. त्यामुळे शौर्याचे पहिले लिखित रूप म्हणजे शासनाने पदकासोबत प्रसिद्ध केलेले प्रशस्तिपत्र होय. पुढील चरित्रे, पाठ्यपुस्तकांतील धडे, व्याख्याने आणि चित्रपट या सर्वांचे मूळ बीज बहुतेक वेळा त्या पान-दीड पानाच्या मजकुरात असते. असे असूनही प्रशस्तिपत्राचा एक लेखनप्रकार म्हणून मराठीत फारसा विचार झालेला नाही. इतिहासकार त्याला साधन मानतात, तर साहित्याचे अभ्यासक त्याला शासकीय कागद समजून बाजूला ठेवतात.

प्रस्तुत निबंधात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या परमवीरचक्र-प्रशस्तिपत्राचा या दृष्टीने विचार केला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीपलीकडील रणगाड्यांच्या लढाईत त्यांना वीरमरण आले, तेव्हा त्यांचे वय २१ वर्षांचे होते. तुलनेसाठी दुसऱ्या महायुद्धातील सेनिओ नदीच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे शिपाई नामदेव जाधव यांचे प्रशस्तिपत्र घेतले आहे. मूळ प्रशस्तिपत्रातील वीर आणि लोकप्रिय पुनर्कथनांतील वीर यांच्यात महत्त्वाचा फरक आहे आणि तो रसदृष्टीने पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो, हे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. प्रसंगाची पार्श्वभूमी

अरुण खेत्रपाल यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुणे येथे झाला. वडील एम. एल. खेत्रपाल हे लष्कराच्या इंजिनिअर दलातील अधिकारी. सनावर येथील शालेय शिक्षणानंतर अरुण १९६७ मध्ये खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. १३ जून १९७१ रोजी १७ पूना हॉर्स या चिलखती रेजिमेंटमध्ये त्यांना कमिशन मिळाले. या रेजिमेंटचा उगम १८१७ साली पुण्यात उभारलेल्या घोडदळात आहे. १९६५ च्या युद्धात तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल ए. बी. तारापोर यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले होते. डिसेंबर १९७१ मध्ये युद्धाला तोंड फुटले, तेव्हा खेत्रपाल अहमदनगर येथे तरुण अधिकाऱ्यांचा प्रशिक्षणक्रम करीत होते. तो अर्धवट सोडून ते रेजिमेंटमध्ये परतले. म्हणजे ज्या अधिकाऱ्याच्या युद्धकौशल्याची पुढे गाथा झाली, त्याची एकूण सेवा जेमतेम सहा महिन्यांची होती.

पूना हॉर्स ही रेजिमेंट शकरगढ विभागात ४७ इन्फन्ट्री ब्रिगेडसोबत होती. बसंतर ही रावीला मिळणारी नदी. हिवाळ्यात तिचे पाणी हा मोठा अडथळा नव्हता. खरा अडथळा होता तो दोन्ही बाजूंनी पेरलेल्या रुंद सुरुंगक्षेत्रांचा. १५ डिसेंबरच्या रात्री पायदळाने पलीकडे पाय रोवले आणि इंजिनिअर सुरुंग काढून रणगाड्यांसाठी वाट तयार करू लागले. शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल सुरू झाल्याची वर्दी आली, तेव्हा वाट पूर्ण साफ होण्यापूर्वीच लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग यांच्या नेतृत्वाखालील पूना हॉर्सने सुरुंगांतून रणगाडे पुढे नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी जरपाल येथे पाकिस्तानी चिलखती दलाने धुराच्या पडद्याआडून प्रतिहल्ला केला. पूना हॉर्सच्या 'बी' स्क्वॉड्रनने कुमक मागितली. 'ए' स्क्वॉड्रनमधील खेत्रपाल आपली तुकडी घेऊन स्वतःहून धावून गेले. पुढे जे घडले त्याला परमवीरचक्र मिळाले. त्याच दिवशी दुपारी पूर्वेकडे ढाका येथे शरणागतीच्या पत्रावर सह्या झाल्या. इतिहासग्रंथांत १६ डिसेंबरची ओळख ढाक्याची म्हणून आहे, तर बसंतरचा उल्लेख बहुधा परमवीरांच्या यादीपुरता येतो. या विस्मरणामुळेच खेत्रपालांची कथा तिच्या रणभूमीपासून सुटी होऊन फिरत राहिली.

२. प्रशस्तिपत्र : एक लेखनप्रकार

'प्रशस्ति' हा शब्द भारतीय परंपरेत नवा नाही. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी कोरलेली आहे. तेथे बोलणारी आई आहे, आणि तिच्या अभिमानाला शोकाची किनार आहे. महाराष्ट्राच्या गावोगावी आढळणाऱ्या वीरगळांवर खालच्या चौकटीत पडलेला वीर, त्यावर युद्ध, त्यावर अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा आणि शिरोभागी चंद्रसूर्य अशी मांडणी असते. यांतील बहुसंख्य वीरगळांवर वीराचे नाव नाही. शिल्पकाराला व्यक्तीपेक्षा वीरगतीचा क्रम महत्त्वाचा वाटला.

आधुनिक लष्करी प्रशस्तिपत्र या दोहोंहून भिन्न आहे. त्यात नाव, हुद्दा, दिनांक, वेळ आणि स्थळ अचूक असते, आणि शोकाला जागा नसते. त्याचा हेतू एक दावा सिद्ध करण्याचा असतो. अमुक कृत्य कर्तव्याच्या मर्यादेपलीकडचे होते, म्हणून ते सर्वोच्च सन्मानास पात्र आहे, असा तो दावा. त्यामुळे त्याची रचना युक्तिवादासारखी असते : संकट, पुढाकार, अडथळा, यश, मोठे संकट, अंतिम कृत्य आणि शेवटी गुणवर्णनाचे ठरीव वाक्य.

खेत्रपालांचे प्रशस्तिपत्र याच क्रमाने जाते. 'बी' स्क्वॉड्रनची हाक ऐकताच ते स्वयंप्रेरणेने निघतात. बसंतर ओलांडताना अजून टिकून असलेल्या शत्रूच्या ठाण्यांतून आणि रिकॉइललेस तोफांच्या मोर्चांतून मारा होतो. ते ठाण्यांवर रणगाडे घालतात आणि पिस्तुलाच्या धाकाने शत्रूच्या सैनिकांना पकडतात. त्यांच्या तुकडीतील एका रणगाड्याचा प्रमुख पडतो, तरी ते एकाकी पुढे जातात. शत्रूचे रणगाडे मागे हटू लागतात, तसा ते पाठलाग करून एक नष्ट करतात. नंतरच्या मोठ्या हल्ल्यात त्यांच्यासह तीनच रणगाडे समोर असतात. शत्रूचे दहा रणगाडे नष्ट होतात, त्यांतील चार खेत्रपालांच्या खाती जातात. त्यांच्या रणगाड्यावर आघात होऊन तो पेट घेतो. तो सोडण्यास सांगितले असताही ते लढत राहून आणखी एक रणगाडा उद्ध्वस्त करतात, आणि दुसऱ्या आघातात त्यांचा अंत होतो.

यातील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, नदी ओलांडण्याला येथे एका वाक्यापुरते स्थान आहे. ज्या वाटेने खेत्रपाल गेले ती वाट रात्रभर मृत्यूशी खेळून तयार करणारे इंजिनिअर या मजकुरात नाहीत. हा त्या लेखनप्रकाराचा दोष म्हणता येणार नाही, कारण प्रशस्तिपत्र एकाच व्यक्तीचे असते. मात्र त्यावर आधारलेले प्रत्येक पुनर्कथन ही मर्यादा वारशाने घेते, याची जाणीव अभ्यासकाला असली पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. रणगाडा न सोडण्याचे कारण सांगताना प्रशस्तिपत्र वीराच्या मनात शिरते. शत्रूची हानी झाली असली तरी तो पुढे येतच आहे आणि आपण रणगाडा सोडला तर शत्रू आपल्या क्षेत्रातून आरपार घुसेल, हे त्यांनी ओळखले, असे त्यात म्हटले आहे. 'ओळखले' ही नोंद कोणत्याही साक्षीदाराला थेट करता येणारी नाही. येथे शासकीय लेखक कादंबरीतील सर्वज्ञ निवेदकाची भूमिका घेतो. तरीही हा अलंकार नव्हे. पदकाचे समर्थन त्यावरच उभे आहे, कारण सोडण्याची सूचना मोडणारे कृत्य सन्माननीय ठरण्यासाठी त्यामागे विवेक दाखवणे आवश्यक होते.

३. वीर की रौद्र?

भरताच्या नाट्यशास्त्रात वीररस हा उत्तम प्रकृतीच्या व्यक्तीशी निगडित आणि उत्साह या स्थायीभावावर आधारलेला मानला आहे. त्याच्या विभावांत बल, पराक्रम, शक्ती, प्रताप यांच्यापूर्वी असंमोह, अध्यवसाय, नय आणि विनय यांची गणना येते. असंमोह म्हणजे भ्रांत न होणे, अध्यवसाय म्हणजे निश्चय, नय म्हणजे योग्य नीती आणि विनय म्हणजे संयम. रौद्राचा स्थायीभाव क्रोध आहे. शस्त्राघात, रक्त, संहार ही बाह्य सामग्री दोन्ही रसांत सारखी असू शकते. त्यांना वेगळे करते ती वीराच्या चित्ताची अवस्था.

या कसोटीवर प्रशस्तिपत्राचे दोन भाग पडतात. माघार घेणाऱ्या रणगाड्यांच्या पाठलागाचे वर्णन करताना त्याचा लेखक खेत्रपालांच्या बेफाम आवेशाचा मोकळेपणाने उल्लेख करतो. एकवीस वर्षांच्या अधिकाऱ्याचा तोल आवेगाकडे झुकला होता हे त्याने झाकलेले नाही. अंतिम प्रसंगात मात्र भाषा बदलते. आवेशाची जागा आकलन घेते. म्हणजे त्या छोट्या मजकुरातच रौद्राच्या सीमेवरून वीराकडे जाणारा एक प्रवास आहे. सकाळी शत्रूच्या मागे धावणारा तरुण पुढे एका जागी पाय रोवून उभा राहतो, कारण तेथे उभे राहण्याचा अर्थ त्याला उमगला आहे. हे स्वभावचित्र फार मोलाचे आहे.

लोकप्रिय पुनर्कथनांत नेमके हेच हरवते. त्यांचा केंद्रबिंदू बिनतारी यंत्रावरून दिलेले एक बाणेदार उत्तर हा असतो. आपण रणगाडा सोडणार नाही, आपली तोफ अजून चालते आहे, अशा आशयाचे आणि शत्रूला शिवी हासडणारे ते उत्तर प्रशस्तिपत्रात नाही. ते रेजिमेंटच्या आठवणींतून लोकांपर्यंत आले. ते उद्गार अविश्वसनीय मानण्याचे कारण नाही. रणगाड्यांच्या लढाईत बिनतारी संदेश अनेक जण ऐकत असतात. प्रश्न सत्यतेचा नसून महत्त्वाचा आहे. प्रशस्तिपत्रात नकाराचे कारण आहे. पुनर्कथनात नकाराचा आवाज आहे. व्याख्यानाला आणि पडद्याला आवाज अधिक सोयीचा असतो. परिणामी 'आपण हटलो तर फळी फुटेल' हा नय मागे पडतो आणि शत्रूविषयीचा क्रोध पुढे येतो. त्या उत्तरातही तोफ चालू असल्याचा निर्वाळा हा विवेकाचा धागा आहे, पण सांगणारे बहुधा त्यावर थांबत नाहीत.

मराठी श्रोत्याला या प्रसंगी पावनखिंडीतील बाजीप्रभूंची आठवण होणे स्वाभाविक आहे. एक अरुंद जागा, मागे राखावयाचे काही मोलाचे, आणि प्राण जाईपर्यंत न हटणारा वीर, हा सांगाडा समान आहे. तथापि साम्य येथेच संपते. बाजीप्रभू तोफांच्या इशाऱ्यापर्यंत खिंड लढवतात, म्हणजे त्यांचे मरण ठरलेल्या आज्ञेच्या पूर्तीत आहे. खेत्रपालांना बाहेर पडण्याची मुभा मिळालेली होती. पहिली कथा स्वामिनिष्ठेची आहे, दुसरी स्वतःच्या निर्णयाची. दोहोंना एकाच साच्यात घालणारे वक्तृत्व दुसऱ्या कथेचे वैशिष्ट्यच पुसून टाकते.

४. सेनिओचा काठ : नामदेव जाधव

अधिकाऱ्याच्या शौर्याचे स्वरूप अधिक नेमके समजण्यासाठी नदीपारच्या दुसऱ्या प्रशस्तिपत्राकडे वळणे उपयुक्त ठरते. नामदेव जाधव हे अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमज गावचे. पहिल्या बटालियनच्या, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतील ते शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या पूर्वेकडील बांधावर हल्ला करताना ते कंपनीचे निरोप्या म्हणून कमांडरसोबत होते. नदी ओलांडताच जोरदार माऱ्यात कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले, इतर बरेच पडले. जाधवांनी जखमींपैकी एकाला खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग परत येऊन दुसऱ्यालाही नेले. त्यानंतर त्यांनी शत्रूच्या मशीनगन-ठाण्यांवर चाल केली. हाताला जखम होऊन टॉमीगन चालवणे अशक्य झाले, तेव्हा ती टाकून हातबॉम्बने उरलेली ठाणी गप्प केली. शेवटी बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत त्यांनी उरलेल्या कंपनीला पलीकडे बोलावले.

या प्रशस्तिपत्रात नदी हीच कृतीची भूमी आहे. पाणी, बांध, सुरुंगांचा पट्टा यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, कारण जाधव ती सगळी वाट पायी आणि पाठीवर ओझे घेऊन तुडवतात. रसशास्त्राच्या परिभाषेत येथे दयावीर आणि युद्धवीर एकाच व्यक्तीत क्रमाने प्रकट होतात. आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. जाधवांच्या पुढाकाराची किंमत सर्वस्वी त्यांच्या एकट्याच्या जिवाची होती. निर्णय घेणारा आणि त्याचा परिणाम भोगणारा एकच होता.

५. रणगाड्यातील इतर तिघे

खेत्रपालांच्या बाबतीत तसे नव्हते, आणि येथेच या कथेतील सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. सेंचुरियन रणगाड्यात चौघे असतात : प्रमुख, तोफची, चालक आणि बिनतारी यंत्र सांभाळून तोफेत गोळे भरणारा. प्रमुख लक्ष्य दाखवतो, तोफची नेम धरतो. 'स्वतः चार रणगाडे नष्ट केले' हे वाक्य लष्करी परिभाषेत बिनचूक आहे, कारण रणगाडा हे प्रमुखाच्या इच्छेचे साधन मानले जाते. परंतु वाङ्मयीन दृष्टीने त्या वाक्यात तिघे अदृश्य झालेले आहेत.

पेटलेला रणगाडा न सोडण्याचा निर्णय हा या चौघांविषयीचा निर्णय होता. कनिष्ठ अधिकाऱ्याच्या शौर्याचे गांभीर्य यात आहे की, तो केवळ स्वतःचा प्राण पणाला लावू शकत नाही. हुद्दा त्याला इतरांच्या प्राणांवर अधिकार देतो. जर नकारामागे केवळ क्रोध असेल, तर हा अधिकार भयावह ठरतो. जर त्यामागे फळी फुटण्याचे आकलन असेल, तर तोच अधिकार जबाबदारी ठरतो, कारण त्या फळीच्या मागे नदीपार आलेले सगळे पायदळ उभे होते. म्हणून वीर आणि रौद्र यांतील भेद हा केवळ पंडिती चर्चेचा विषय नाही. बाणेदार उत्तरावर थांबणारे कथन खेत्रपालांचा गौरव करीत असल्याच्या समजात त्यांच्या कृत्याचे नैतिक समर्थनच काढून घेते. प्रशस्तिपत्रातील ते कोरडे 'ओळखले' त्यांना अधिक न्याय देते.

६. शत्रूचे स्थान

प्रशस्तिपत्रात शत्रू म्हणजे संख्या : एक स्क्वॉड्रन, दहा रणगाडे. त्याला चेहरा नसतो. बसंतरच्या लढाईने मात्र या संकेताला दोनदा छेद दिला. १७ डिसेंबर रोजी जरपाल परिसरात पाकिस्तानच्या ३५ फ्रंटिअर फोर्सचे लेफ्टनंट कर्नल महंमद अकरम राजा प्रतिहल्ल्याचे नेतृत्व करताना ठार झाले. समोर मेजर होशियार सिंग यांची ३ ग्रेनेडिअर्स ही पलटण होती. होशियार सिंग यांना याच लढाईसाठी परमवीरचक्र मिळाले. या पलटणीचे कमांडर वेदप्रकाश ऐरी यांनी अकरम राजा यांच्या धैर्याची लेखी प्रशंसा केली. पाकिस्ताननेही त्यांना मरणोत्तर हिलाल-ए-जुर्रत दिले. शत्रूने लिहिलेली प्रशस्ती ही या प्रकारातील दुर्मिळ घटना होय. तेथे गौरव करणाऱ्याला गौरवातून काहीच मिळवायचे नसते.

दुसरा छेद तीस वर्षांनी आला. २००१ मध्ये ब्रिगेडिअर एम. एल. खेत्रपाल वयाच्या ८१ व्या वर्षी आपले जन्मस्थान सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये त्यांचे आतिथ्य करणारे ब्रिगेडिअर ख्वाजा महंमद नासर यांनी निरोपापूर्वी त्यांना सांगितले की, १९७१ मध्ये १३ लान्सर्समध्ये असताना अरुण यांचा अंत आपल्याच हातून झाला. सांगताना त्यांनी अरुण यांच्या अढळपणाची मनापासून वाखाणणी केली. श्रीराम राघवन यांच्या २०२६ मधील 'इक्कीस' या चित्रपटाने या भेटीला कथानकात स्थान दिले, यावरून ती आता या गाथेचा अविभाज्य भाग झाल्याचे दिसते.

या भेटीकडे भावुक प्रसंग म्हणून पाहणे सोपे आहे. समीक्षेच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. प्रशस्तिपत्राचा लेखक वीराच्या मनात कल्पनेने शिरला होता. नासर यांनी बाहेरून, तोफेच्या दुसऱ्या टोकाकडून, तेच पाहिले होते : एक रणगाडा जागचा हलत नाही. म्हणजे प्रशस्तिपत्रातील सर्वज्ञ निवेदकाला मिळालेला सर्वांत सबळ साक्षीदार शत्रूपक्षाचा आहे. शिवाय शासकीय मजकुराने जो शोक वगळला होता, तो येथे परत येतो. गौतमी बलश्रीच्या लेखात आई बोलते, लाहोरमध्ये वडील ऐकतात. वीराच्या कथेतील करुण असा उशिरा आणि परक्या घरात प्रकट होतो, पण त्याने वीररस उणावत नाही. क्रोधावर उभी असलेली कथा अशा भेटीने कोसळली असती. ही कोसळत नाही, कारण तिचा पाया क्रोध नव्हता.

निष्कर्ष

१. लष्करी प्रशस्तिपत्र हा ऐतिहासिक साधनाइतकाच एक कथनप्रकार आहे. त्याची युक्तिवादात्मक रचना, सर्वज्ञ निवेदन आणि वगळलेले घटक यांचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

२. खेत्रपालांच्या प्रशस्तिपत्रात आवेशापासून विवेकापर्यंतचा प्रवास आहे. लोकप्रिय पुनर्कथनांत तो उलट होतो आणि वीररस रौद्राकडे झुकतो.

३. नामदेव जाधव यांच्याशी तुलना केली असता, अधिकाऱ्याच्या शौर्यात इतरांच्या प्राणांची जबाबदारी अनुस्यूत असल्याचे स्पष्ट होते. म्हणून त्याच्या बाबतीत असंमोह आणि नय हे गुण अधिक निर्णायक ठरतात.

४. सुरुंग काढणारे इंजिनिअर, रणगाड्यातील सहकारी आणि समोरचा शत्रू यांना कथनात स्थान दिल्याने वीराची उंची कमी होत नाही. उलट त्याने कोणत्या वाटेने नदी ओलांडली, कोणासह आणि कोणासाठी तो थांबला, हे कळल्यावरच त्याच्या न हटण्याचा अर्थ पूर्ण होतो.